घणाचा पाना: कोणता घ्यायचा, कसा वापरायचा आणि तो हाताने का धरायचा नाही

आजचा भाग आयटीआयमधून फिटर होऊन नुकतेच कामाला लागलेल्यांसाठी आहे, अप्रेंटिस असलेल्यांसाठी आहे आणि शटडाउनला कंत्राटावर जाणाऱ्यांसाठीही आहे. ऐकायला वेळ नसेल तर खाली सगळं लिहिलेलं आहे. बसमध्ये वाचा, पण कामावर जायच्या आधी वाचा.

विषय आहे स्लॉगिंग पाना. कुणी त्याला हॅमर पाना म्हणतं, कुणी घणाचा पाना. दांडा आखूड आणि जाड, एका टोकाला नटात बसणारं तोंड आणि दुसऱ्या टोकाला घण मारायला सपाट ठोकळा. दिसायला अगदी साधं हत्यार. पण साखर कारखान्याचा गाळप हंगाम संपला आणि ऑफ-सीझनची कामं निघाली, की मिलचे मोठे बोल्ट, टर्बाइनच्या केसिंगचे स्टड, वाफेच्या लाइनचे फ्लँज अशा सगळ्या ठिकाणी हेच हत्यार बाहेर येतं. रिफायनरी, वीज केंद्र, सिमेंटचा कारखाना, कुठेही जा, तेच.

आधी हे कळू दे, की घण लागतोच कशाला?

एम ३६ चा बोल्ट घ्या. त्याच्या नटाला ५५ मिलिमीटरचा पाना लागतो. चांगल्या ताकदीचा बोल्ट असेल, तर तो नीट आवळायला साधारण २,००० न्यूटन-मीटरपेक्षा जास्त टॉर्क लागतो. आता तुमचं वजन ६० किलो धरा. एक मीटर लांब दांड्याच्या टोकाला तुम्ही अख्खे लटकलात, तरी टॉर्क मिळतो ६०० च्या आतबाहेर. म्हणजे साडेतीन-चार मीटरचा दांडा पाहिजे. एवढी जागा कुठल्या पाइपरॅकमध्ये मिळणार?

म्हणून घण. चार किलोचा घण सेकंदाला सहा मीटर वेगाने आला, तर त्याच्यात ७२ जूल ऊर्जा असते. तो चार मिलिमीटरमध्ये थांबला, तर सरासरी बल होतं १८,००० न्यूटन, म्हणजे पावणेदोन टनांपेक्षा जास्त. पाव मीटरच्या दांड्यावर हे बल आलं, तर क्षणभर ४,५०० न्यूटन-मीटर. हे कागदावरचं गणित झालं. प्रत्यक्षात पाना थोडा वाकतो, घण उसळतो, काही जोर वाया जातो. तरी गंजलेल्या नटाला हलवायला तो झटका पुरतो.

आता तेच गणित उलटं करून बघा. घण चुकला, तर हे बल कुठे जाणार? पाना धरणाऱ्याच्या बोटांवर. बहुतेक वेळा पाना धरायला कुणाला सांगतात? टीममधल्या सगळ्यात नव्या पोराला. म्हणून हा भाग.

पाना निवडताना

पहिली गोष्ट, रिंग की ओपन? रिंग पाना नटाला चारी बाजूंनी धरतो, त्यामुळे जोर सगळ्या कोपऱ्यांवर वाटला जातो. ओपन पाना फक्त दोन बाजूंनी धरतो. घण बसला की त्याचा जबडा फाकू शकतो आणि तो निसटू शकतो. जर्मन मानकात दोघांना वेगळे क्रमांक आहेत, रिंगला डिन ७४४४ आणि ओपनला डिन १३३. हे आकडे बऱ्याचदा पान्यावरच कोरलेले दिसतात. नियम सोपा आहे. रिंग जात असेल तिथे रिंगच. वरून रिंग घालायला वाटच नसेल, तिथेच ओपन.

दुसरी गोष्ट, माप. हे पाठच करून टाका. एम २४ ला ३६, एम ३० ला ४६, एम ३६ ला ५५, एम ४२ ला ६५, एम ४८ ला ७५, एम ५६ ला ८५, एम ६४ ला ९५ मिलिमीटर.

पण खरी गंमत इंची स्टडला होते. वाफेच्या आणि तेलाच्या लाइनवर अमेरिकन मापाचे फ्लँज बरेच असतात आणि त्यांचे नट जाड, हेवी हेक्स प्रकारचे. सव्वा इंची स्टडच्या नटाला दोन इंची पाना लागतो, म्हणजे ५०.८ मिलिमीटर. ५० चा पाना जात नाही, म्हणून कुणीतरी ५५ चा आणतो आणि फटीत पत्र्याचा तुकडा कोंबतो. दोन घणांत नटाचे कोपरे गोल. मग गॅसकटर बोलवा, परमिट काढा, अर्धी शिफ्ट गेली. टूल रूमपर्यंत जाऊन दोन इंची पाना आणायला दहा मिनिटं लागली असती. नट गंजून बारीक झाला असेल, तर वायर ब्रशने साफ करा, व्हर्नियरने मोजा आणि मग पाना मागा.

तिसरी गोष्ट, आतले कोपरे. बारा कोपऱ्यांची रिंग अडचणीच्या जागी पटकन बसते. सहा कोपऱ्यांची रिंग नटाच्या बाजूला जास्त भिडते. नट झिजलेला असेल तर सहा कोपऱ्यांची मिळते का ते बघा.

चौथी गोष्ट, ज्वालाग्राही वायूची जागा. तिथे अॅल्युमिनियम ब्राँझ किंवा बेरिलियम कॉपरचे, ठिणगी कमी पाडणारे पाने वापरतात. लक्षात घ्या, ते पोलादापेक्षा मऊ असतात, लवकर झिजतात. घणही त्याच जातीचा पाहिजे. पाना ब्राँझचा आणि घण पोलादी, याला काही अर्थ नाही. आणि असा पाना हातात आहे म्हणून गॅस टेस्ट टाळता येत नाही.

घण मारण्याआधीची तपासणी

पाना हातात घ्या. रिंगच्या कोपऱ्यात चीर आहे का? मारायच्या ठोकळ्याच्या कडा फुलल्यात का? कुणी वेल्डिंग केलंय का, गॅसने तापवून वाकवलाय का? यातलं एक जरी दिसलं तरी तो पाना बाजूला. पोलादाला ताकद येते ती उष्णतेच्या प्रक्रियेने. परत तापवला की ती ताकद गेली.

मग घण. दांडा हलतोय का, पाचर घट्ट आहे का, तोंडाच्या कडा फुलून बाहेर आल्यात का? त्या फुललेल्या कडेचा कपचा बंदुकीच्या छऱ्यासारखा उडतो. म्हणून गॉगल, आणि त्यावर फेसशील्ड. मारणाऱ्यालाही, दोरी धरणाऱ्यालाही. १९४८ च्या कारखाने कायद्यातही कलम ३५ डोळ्यांच्या रक्षणासाठीच ठेवलं होतं. तेव्हा गॉगल मागणं म्हणजे लाड नव्हेत. कानात प्लगही घाला.

आणि फ्लँज उघडत असाल, तर सगळ्यात आधी परमिट. लाइन बंद, कुलूप लावलेलं, ड्रेन उघडून बघितलेला. तरीही आत दाब अडकलाय असंच समजून चाला. तुमच्यापासून लांबच्या बाजूचा नट आधी ढिला करा आणि पूर्ण काढू नका. काही उरलं असेल तर ते तुमच्या विरुद्ध बाजूने बाहेर येईल.

मग धरायचा कसा?

हाताने नाही. दांड्याच्या टोकाला बहुतेक वेळा भोक असतं. त्यात दोन मीटरची मजबूत दोरी बांधा. पाना ज्या दिशेने फिरणार, त्या बाजूला दोरी तिरकी ताणून धरायची, म्हणजे पाना नटावर बसून राहतो. बाजारात पाना धरायचे लांब दांड्याचे होल्डरही मिळतात. कारखान्यात असतील तर उत्तमच.

दोरी मनगटाला गुंडाळायची नाही. पाना उडाला तर हातही ओढला जाईल. घण ज्या रेषेत येतो त्या रेषेत, समोर किंवा मागे, कुणीही उभं राहायचं नाही. दांडा निसटला तर घण त्याच रेषेत जातो.

पहिले दोन-तीन घाव हलके मारा. पाना नीट बसला का ते कळतं. घाव ठोकळ्यावर सपाट बसला पाहिजे. तेलकट हातमोजे घालून घण धरू नका. जागा अरुंद असेल आणि घण पूर्ण फिरवता येत नसेल, तर तिथे हे हत्यार चालणारच नाही. "थांब" हा शब्द टीममधल्या कुणीही म्हणायचा, आणि तो ऐकला की घण खाली.

उंचीवर काम असेल तर पाना बांधलेलाच पाहिजे. दहा मीटरवरून सुटलेली वस्तू खाली येईपर्यंत तासाला ५० किलोमीटरच्या वेगाला पोचते. चार किलोचा पाना त्या वेगाने कुणाच्या हेल्मेटवर पडला, तर हेल्मेट काय करणार?

पान्याला पाइप लावून लांबी वाढवायची नाही. चेनब्लॉकने किंवा क्रेनने ओढायचा नाही. तो झटक्यासाठी बनवलाय. आणि दहा-बारा चांगले घाव घालूनही नट हलत नसेल, तर आणखी मोठा घण आणू नका. गंज सोडवणारं तेल टाका, त्याला मुरायला वेळ द्या. तरीही नाही तर हायड्रॉलिक टॉर्क पाना किंवा नट फोडायचं यंत्र मागा.

खोलायला ठीक, आवळायला नाही

हे बऱ्याच जुन्या लोकांना पटत नाही, पण ऐका. नट आवळताना तुम्ही दिलेल्या टॉर्कचा साधारण निम्मा भाग नटाच्या खालच्या घर्षणात जातो, ४० टक्के आट्यांच्या घर्षणात, आणि जेमतेम १० टक्के बोल्ट ताणायला उरतो. जोड धरून ठेवतो तो हा ताण. घणाच्या घावात हा ताण किती आला, हे कुणालाच सांगता येत नाही. एक बोल्ट ढिला, शेजारचा जास्त ताणलेला, गास्केट एका बाजूला चेपलेलं. मग लाइन चालू केली की तिथूनच वाफ येते. म्हणून महत्त्वाच्या जोडांना शेवटचं आवळणं टॉर्क पाना किंवा टेन्शनरने, आणि समोरासमोरच्या क्रमाने.

आणि मिस्त्री म्हणाले, "धर रे हाताने, काही होत नाही," तर?

ही खरी अडचण आहे. शटडाउनची रात्र, वेळ कमी, तुम्ही नवे. वाद घालायची हिंमत होत नाही. मग वाद घालूच नका. फक्त म्हणा, "मिस्त्री, दोनच मिनिटं, दोरी बांधतो." आणि बांधायला लागा. अशा वेळी हातात दोरी तयार असणं फार कामाला येतं, म्हणून बॅगेत ठेवा. मिस्त्रींनाही अपघात नकोच असतो, त्यांना घाई असते. दोन मिनिटांत दोरी बांधून झाली, की बोलण्यासारखं काही उरत नाही. आणि तरीही कुणी हाताने धरायचाच आग्रह केला, तर तिथे नाही म्हणायचं आणि सेफ्टी ऑफिसरला सांगायचं. बोट गेलं तर ते परत येत नाही, नट मात्र उद्याही खोलता येतो.

तुमच्या कारखान्यात पाना कसा धरतात, दोरीने की हाताने? खरं खरं कळवा. आणि तुमच्या ग्रुपमध्ये कुणी नुकताच फिटर म्हणून लागला असेल, तर त्याला हा भाग आजच पाठवा. भेटू पुढच्या भागात.