गुपित कोणी राखावयाचे?

व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर सहसा न येणारा विषय आज आपण घेत आहोत. पंधरा-सोळा वर्षांची एक मुलगी आहे. तिची पाळी चुकली आहे आणि ती कोणाजवळ बोलत नाही. आईला शंका येईपर्यंत तीन महिने उलटतात, आणि मग वडिलांच्या धाकाने आईही महिनाभर गप्प बसते. ही मुलगी कोणा एका गावची नव्हे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाहणीत महाराष्ट्रातील २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी शेकडा सुमारे २२ जणींचे लग्न अठराच्या आत झालेले आढळले. तेव्हा हा प्रश्न लोक ज्यांना ‘वाट चुकलेल्या’ म्हणतात त्या मुलींचाच नाही. मंगलाष्टके म्हणून सासरी धाडलेल्या मुलींचाही आहे.

या प्रश्नाचे मर्म गुप्ततेत आहे, असे आम्हांस वाटते. गुप्तता हवीच, पण ती कोणी राखावयाची? मुलीने साऱ्या जगापासून, की जाणत्यांनी मुलीसाठी?

याचे उत्तर आपल्याच मातीतील माणसांनी देऊन ठेवले आहे. सातारा जिल्ह्यातील नायगावच्या सावित्रीबाई आणि ज्यांचे मूळ गाव कटगुण ते जोतीराव फुले, या दांपत्याने १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. फसलेल्या विधवेने तेथे यावे, सुखरूप बाळंत व्हावे, नाव बाहेर फुटणार नाही, असा त्याचा रिवाज होता. तेथेच बाळंत झालेल्या काशीबाईंचा मुलगा यशवंत या दांपत्याने दत्तक घेतला. फुल्यांनी त्या स्त्रियांना लाज बाळगा असे सांगितले नाही. त्यांचे गुपित स्वतः सांभाळले. लपणे आणि आसरा मिळणे यांतील अंतर ते हेच.

त्या काळी स्त्रीचा जीव वाचवण्याचा अपवाद सोडला तर गर्भपात हा गुन्हा होता. महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री शांतिलाल शहा यांच्या अध्यक्षतेखाली १९६४ साली समिती नेमली गेली, तिच्या अहवालावरून १९७१ चा वैद्यकीय गर्भपात कायदा झाला आणि १ एप्रिल १९७२ पासून तो अमलात आला. २०२१ च्या दुरुस्तीनंतर वीस आठवड्यांपर्यंत एका, आणि वीस ते चोवीस आठवड्यांपर्यंत दोन नोंदणीकृत तज्ज्ञ डॉक्टरांच्या मताने गर्भपात करता येतो. ही दुसरी मुदत ठराविक स्त्रियांसाठी आहे. तीत अत्याचारपीडित स्त्रिया आणि अल्पवयीन मुली स्पष्टपणे येतात. सज्ञान स्त्रीला नवऱ्याची संमती लागत नाही. अठराच्या आतील मुलीसाठी पालकाची लेखी संमती लागते. मात्र कायद्याच्या भाषेत पालक म्हणजे जिच्या वा ज्याच्या सांभाळात मुलगी आहे ती व्यक्ती. ते वडीलच असले पाहिजेत असे नाही. सरकारी रुग्णालयांना यासाठी वेगळी मान्यता घ्यावी लागत नाही.

मग मुली येत का नाहीत? पोलिसांच्या भयाने. २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे अठराखालील मुलीशी शरीरसंबंध हा गुन्हा आहे. २०१७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने नवराही त्यातून सुटत नाही. डॉक्टरला खबर द्यावीच लागते. परंतु २९ सप्टेंबर २०२२ रोजी त्याच न्यायालयाने सांगितले, की मुलीने व पालकाने विनंती केल्यास त्या खबरीत तिचे नाव वा ओळख देण्याची गरज नाही. ही गोष्ट गावोगाव कळली, तर कितीतरी मुली वेळेवर डॉक्टरकडे पोचतील.

लपवालपवीचे फळ सांगली जिल्ह्याने पाहिले आहे. मिरज तालुक्यातील म्हैसाळ येथे मार्च २०१७ मध्ये बेकायदा गर्भपातात एका विवाहितेचा बळी गेला आणि तपासात पुरलेले एकोणीस भ्रूण सापडले. ते प्रकरण मुलगी नको म्हणून केलेल्या गर्भपातांचे होते. गर्भलिंगनिदानास १९९४ च्या कायद्याने बंदी आहे, आणि ती कडकपणे पाळलीच पाहिजे. साताऱ्याच्या वर्षाताई देशपांडे यांनी त्यासाठी वर्षानुवर्षे झुंज दिली आहे. पण लिंगनिदान हा एक गुन्हा आणि कायदेशीर गर्भपात ही एक वैद्यकीय सेवा, या दोन गोष्टी एकाच पोत्यात घालू नयेत. तसे केले तर प्रामाणिक डॉक्टरही हात आखडतो आणि अडलेली मुलगी पुन्हा भोंदूच्याच दारी जाते.

आणखी एक गोष्ट. २०२४ साली महाराष्ट्रातील एका चौदा वर्षांच्या अत्याचारपीडित मुलीचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे गेले. घरच्यांना कळेपर्यंत चोवीस आठवड्यांची मुदत टळून गेली होती. न्यायालयाने गर्भपातास परवानगी दिली. पुढे जोखीम पाहून आईवडिलांनी विचार बदलला व आदेश मागे घेतला गेला. त्या निकालात न्यायालयाने बजावले, की मुलीचे मत पालकांहून वेगळे असेल तर ते दुर्लक्षून चालणार नाही. गर्भ ठेवावयाचा असो वा नसो, तिच्यावर सक्ती नको. आणि मूल झाले तरी तिची शाळा सुटता कामा नये.

आपल्या हाती काय आहे? रागावण्याआधी तिला विचारावे, “कितवा महिना?” कारण येथे प्रत्येक आठवडा मोलाचा असतो. दुकानातून परस्पर गोळ्या आणू नयेत. सरकारी रुग्णालय गाठावे. घरातच धोका असेल तर बालकांसाठी १०९८ आणि स्त्रियांसाठी १८१ हे दूरध्वनी आहेत. शेजारीपाजारी चर्चा मात्र करू नये. फुल्यांनी आपल्या घराचे दार उघडे ठेवले होते. आपण निदान तोंड बंद ठेवावे आणि मुलीचा हात धरून तिला दवाखान्याच्या दारापर्यंत न्यावे. एवढे प्रत्येकाला जमण्यासारखे आहे.