पाठचिकित्सा

पाठचिकित्सा : ग्रंथकर्त्याच्या हातची मूळ प्रत नष्ट झाली असता, तिच्यापासून परंपरेने उतरत आलेल्या हस्तलिखितांची पद्धतशीर तुलना करून ग्रंथाचा शक्य तितका जुना व विश्वसनीय पाठ निश्चित करण्याचे शास्त्र. इतिहास, भाषा, धर्म, तत्त्वज्ञान यांविषयीची विधाने ज्या ग्रंथांच्या आधारे केली जातात, त्यांचा पाठच संशयास्पद असेल, तर त्यावर उभारलेले निष्कर्षही डळमळीत ठरतात. म्हणून मानव्यविद्यांतील संशोधनाची ही पहिली पायरी मानली जाते. साधनांचा संग्रह, त्यांची पारख, परस्परतुलना, अनुमान व निर्णयाची कारणे वाचकापुढे ठेवणे ही संशोधनपद्धतीची सर्व मूलतत्त्वे पाठचिकित्सेत स्पष्टपणे दिसून येतात.

मुद्रणकला येण्यापूर्वी ग्रंथाची प्रत्येक नवी प्रत हाताने लिहावी लागे आणि प्रत्येक लेखनात काही बदल होत. त्यांपैकी काही अजाणता घडत. ‘घ’ व ‘ध’ किंवा ‘भ’ व ‘म’ यांसारखी सारखी दिसणारी अक्षरे एकमेकांच्या जागी पडत. जवळजवळच्या दोन ओळींच्या शेवटी एकच शब्द आला, तर लेखकाची नजर पहिल्यावरून दुसऱ्यावर जाऊन मधला मजकूर गळे. एका लिपीतून दुसऱ्या लिपीत प्रत उतरवताना किंवा शब्द न तोडता लिहिलेला मजकूर वाचताना असे प्रमाद वाढत. काही बदल मात्र हेतुपुरस्सर केले जात. अपरिचित शब्दाच्या जागी सोपा शब्द घातला जाई, व्याकरण व छंद सुधारले जात, समासातील टीप मूळ मजकुरात शिरे किंवा एखादी लोकप्रिय कथा नव्याने जोडली जाई. अशा भरीला ‘प्रक्षेप’ म्हणतात.

पाठनिर्णयाचे दोन प्रमुख टप्पे आहेत. पहिल्या टप्प्यात उपलब्ध हस्तलिखिते जमवून त्यांतील पाठभेद नोंदवले जातात व हस्तलिखितांचे परस्परसंबंध ठरवले जातात. यासाठी समान दोषाचे तत्त्व वापरतात. शुद्ध पाठ मुळातून कोणत्याही प्रतीत येऊ शकतो. म्हणून दोन प्रतींत एकच शुद्ध पाठ आढळल्याने त्यांचे विशेष नाते सिद्ध होत नाही. पण सहजासहजी स्वतंत्रपणे घडणार नाही असा एकच प्रमाद दोन्हींत आढळला, तर त्या एकाच सदोष पूर्वजापासून आल्या असाव्यात, असे अनुमान करता येते. अशा अनुमानांतून प्रतींचा वंशवृक्ष तयार होतो. दहापैकी नऊ पोथ्या एकाच पोथीच्या नकला असतील, तर त्या नऊ मिळून एकच साक्षीदार ठरतो. उरलेल्या एकीची साक्ष तितक्याच मोलाची असते. म्हणूनच पोथ्या मोजायच्या नसतात, तोलायच्या असतात, हा या शास्त्राचा मूलमंत्र होय. केवळ पोथीचे वयही निर्णायक नसते; चांगल्या जुन्या प्रतीवरून उतरवलेली अलीकडची पोथी अधिक विश्वसनीय असू शकते.

दुसऱ्या टप्प्यात पाठभेदांतून निवड केली जाते. दोन पाठ तुल्यबळ असतील, तर अधिक कठीण पण अर्थपूर्ण पाठ सामान्यतः मूळचा मानतात. कारण नकलनवीस कठीण शब्द सोपा करण्याचा संभव जास्त असतो. मात्र कठीण पाठ आणि निरर्थक पाठ यांत फरक करावा लागतो. कोणताच उपलब्ध पाठ अर्थपूर्ण नसेल, तर संपादक स्वतःचा पाठ सुचवू शकतो; परंतु हा अखेरचा उपाय असून तो तसा आहे हे स्पष्टपणे दर्शवणे आवश्यक असते.

यूरोपात या पद्धतीला शास्त्रीय रूप आले ते एकोणिसाव्या शतकात. जर्मन पंडित कार्ल लाखमान (१७९३–१८५१) याचे नाव तिच्याशी विशेषत्वाने जोडले जाते. १८५० मध्ये त्याने लुक्रीशिअसच्या लॅटिन काव्याची आवृत्ती प्रसिद्ध केली. एकच नकलनवीस अनेक प्रती समोर ठेवून पाठ निवडत असेल, तर शाखांचे मिश्रण होते व वंशवृक्ष काटेकोरपणे काढता येत नाही, ही या पद्धतीची मर्यादा पुढे स्पष्ट झाली. फ्रेंच पंडित जोझेफ बेद्ये याने तर अशा वंशवृक्षांवरच आक्षेप घेऊन एक उत्तम प्रत निवडून तीच छापावी, असा पक्ष मांडला.

महाराष्ट्रात पाठशुद्धीची जाणीव प्राचीन आहे. शके १५०६ (१५८४) मध्ये संत एकनाथांनी ज्ञानेश्वरीच्या अपपाठांनी दूषित झालेल्या प्रती पाहून शुद्ध पाठ सिद्ध केला आणि पुढे कोणी तीत स्वतःची ओवी घालू नये, असे बजावले. मात्र त्यांनी कोणते पाठ स्वीकारले व कोणते टाकले याची नोंद उपलब्ध नसल्याने त्यांच्या निर्णयांची फेरतपासणी करता येत नाही. वि. का. राजवाडे यांनी १९०९ मध्ये एकनाथपूर्व म्हणून ज्ञानेश्वरीची एक प्रत प्रसिद्ध केली. तिच्या प्राचीनत्वाविषयी नंतरच्या अभ्यासकांत मतभेद झाले.

भारतातील या शास्त्राचा सर्वांत मोठा प्रयोग म्हणजे पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने (स्थापना १९१७) सिद्ध केलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती. कार्यास १९१९ मध्ये आरंभ झाला. १९२३ मध्ये ना. बा. उतगीकर यांनी विराटपर्वाची प्रायोगिक आवृत्ती काढली आणि १९२५ मध्ये वि. सी. सुखटणकर प्रमुख संपादक झाले. त्यांच्या निधनानंतर (१९४३) श्री. कृ. बेलवलकर व पुढे प. ल. वैद्य यांनी ती धुरा वाहिली. १९६६ मध्ये एकोणीस खंडांत हे कार्य पूर्ण झाले. त्यासाठी एकूण १,२५९ हस्तलिखिते तपासण्यात आली.

आदिपर्वासाठी विचारात घेतलेल्या सु. २३५ हस्तलिखितांत देवनागरीची १०७, बंगालीची ३२, ग्रंथ लिपीची ३१, तेलुगूची २८, मलयाळमची २६ व शारदेची अवघी ३ होती. पाठनिर्धारणासाठी त्यांपैकी ६० वापरली गेली. तुलनेसाठी विशेष तक्ते केले होते. आधारभूत श्लोक वरच्या ओळीत प्रत्येक चौकटीत एक अक्षर याप्रमाणे लिहून त्याखाली प्रत्येक पोथीतील पाठभेद त्या त्या अक्षराखाली नोंदवला जाई. पुण्याखेरीज शांतिनिकेतन व तंजावर येथेही हे काम चाले.

महाभारताच्या प्रती शतकानुशतके एकमेकींत मिसळलेल्या असल्याने लाखमानची पद्धत जशीच्या तशी लागू पडणारी नव्हती. सुखटणकरांनी पोथ्यांची उत्तर व दक्षिण अशा दोन प्रमुख परंपरांत विभागणी केली व परस्परांपासून दूर असलेल्या शाखांच्या एकमताला सर्वाधिक महत्त्व दिले. काश्मीरमधील शारदा पोथी व केरळमधील मलयाळम पोथी यांत जो पाठ समान, तो दोघींच्या समाईक पूर्वजाकडून आला असण्याचा संभव मोठा, हे त्यामागील तर्कशास्त्र होय. शारदा परंपरेचा पाठ संक्षिप्त असून त्यात भर कमी आढळली. संशयास्पद शब्दांखाली नागमोडी रेषा देण्यात आली. वगळलेले श्लोक तळटीपांत व दीर्घ प्रसंग परिशिष्टात छापण्यात आले.

या निर्णयांनी रूढ समजुतींना धक्का बसला. व्यासांचा लेखनिक म्हणून गणेश येतो तो प्रसंग, तसेच स्वयंवरात द्रौपदीने कर्णाला नाकारल्याचा श्लोक मुख्य पाठात राहिला नाही. हे प्रसंग असत्य वा त्याज्य ठरवले गेले, असा याचा अर्थ नव्हे. ते ग्रंथपरंपरेत नंतर आले असावेत, एवढेच पोथ्यांच्या पुराव्यावरून म्हणता येते. फ्रेंच पंडित सिल्व्हँ लेव्ही यांच्या मते पुनर्रचित पाठाऐवजी नीलकंठाचा प्रचलित पाठ छापून त्याखाली पाठभेद देणे श्रेयस्कर होते. हा सतराव्या शतकातील टीकाकार मूळचा कोपरगावचा असून काशीस स्थायिक झाला होता. आपला पाठ व्यासांचा मूळ पाठ नव्हे, तर उपलब्ध हस्तलिखितांवरून गाठता येणारे सर्वांत जुने रूप आहे, ही मर्यादा सुखटणकरांनी स्वतःच नमूद केली होती.

पद्धतीची कसोटीही लवकरच लागली. आदिपर्वाचा खंड १९३३ मध्ये पूर्ण झाल्यानंतर नेपाळमधील एक अतिशय जुनी पोथी उपलब्ध झाली. संपादनात तिचा उपयोग झालेला नव्हता. तरी सुखटणकरांनी स्वीकारलेल्या अनेक पाठांना तिने पुष्टी दिली. पुराव्याआधी बांधलेले अनुमान नव्या पुराव्याने तपासले जावे, ही कोणत्याही शास्त्राची अपेक्षा येथे पूर्ण झाली.

सु. मं. कत्रे यांनी भारतीय पाठचिकित्सेवरील परिचयग्रंथ १९४१ मध्ये प्रसिद्ध केला. बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिराने रामायणाची चिकित्सक आवृत्ती १९६० ते १९७५ या काळात सात खंडांत काढली. विसाव्या शतकाच्या अखेरीपासून प्रतींचे वंशवृक्ष काढण्यासाठी जीवशास्त्रातील उत्क्रांतिवृक्षांची गणनतंत्रे संगणकाद्वारे वापरली जाऊ लागली. महाभारताचा चिकित्सक पाठही संगणकीय स्वरूपात उपलब्ध झाला आहे. यंत्रामुळे तुलनेचा वेग वाढला, तरी कोणता पाठभेद प्रमाद व कोणता मूळ हा निर्णय भाषा, छंद, लिपी व संदर्भ यांच्या जाणकारालाच घ्यावा लागतो. चिकित्सक आवृत्तीचे खरे मूल्य तिच्या निर्णयांच्या अचूकतेइतकेच तिने जपलेल्या पुराव्यात असते. संपादकाशी असहमत असणाऱ्या वाचकालाही त्याच पानावरील पाठभेदांवरून वेगळा निर्णय घेता येतो.