मन खचले तेव्हा घरात काय घडले होते?

घरातले माणूस आठवडेच्या आठवडे गप्प राहते, जेवण टाळते, पहाटे तीनलाच जागे होते. आपण म्हणतो, 'जरा मन रमव, सगळे ठीक होईल!' नैराश्याच्या रुग्णाला या सल्ल्याचा काडीचाही उपयोग होत नाही.

अमेरिकेत जेराल्ड क्लेरमन आणि मर्ना वाइसमन यांनी १९६९ पासून वेगळी वाट धरली. त्रास सुरू झाला त्या सुमारास तुमच्या माणसांत काय घडले, हे ते रुग्णाला विचारत. या पद्धतीला 'इंटरपर्सनल सायकोथेरपी' म्हणतात. आठवड्यातून एक अशा साधारण १२ ते १६ बैठका होतात. हा आजार आहे, तुमचा दोष नव्हे, हे पहिल्याच बैठकीत सांगितले जाते. मग जवळच्या माणसांची उजळणी होते आणि दुखण्याचे मूळ शोधले जाते. जिवलगाचा मृत्यू, कुणाशी तरी धुमसणारा वाद, लग्न किंवा निवृत्तीसारखा बदल, नाहीतर एकटेपणा.

समजा, सुनेचे सासूबाईंशी बिनसले आहे. 'त्या मला समजूनच घेत नाहीत,' एवढ्यावर उपचारक थांबत नाही. तुम्ही नेमके काय बोललात? त्या काय म्हणाल्या? मग तुम्ही? बहुतेक वेळा हवे ते बोललेच गेलेले नसते. (आपल्याकडे राग भांडी आपटून सांगण्याची रीतच आहे ना!) मग ते कसे बोलायचे, याची बैठकीतच तालीम होते.

हे काम केवळ मोठ्या डॉक्टरांचेच आहे असेही नाही. २००२ मध्ये युगांडातील ३० खेड्यांत पाहणी झाली. एड्सने तिथे घरेच्या घरे उजाडली होती. केवळ दोन आठवडे शिकवलेल्या स्थानिक माणसांनी गटागटाने १६ बैठका घेतल्या आणि अशा गटांतील नैराश्य इतरांच्या मानाने कितीतरी अधिक ओसरले. गोव्यात डॉ. विक्रम पटेल व सहकाऱ्यांनी डॉक्टर नसलेल्या प्रशिक्षित समुपदेशकांकडून दिलेल्या उपचारांत हीच पद्धत वापरली. २०१० मध्ये निष्कर्ष आले. सरकारी आरोग्य केंद्रांतील रुग्णांना फायदा झाला होता, खासगी दवाखान्यांत मात्र फारसा फरक दिसला नाही.

आजार तीव्र असेल तर औषधेही लागतात, ती मनाने बंद करू नयेत. जीव नकोसा झाल्याची भाषा कुणी केली तर बैठकांची वाट न पाहता मानसोपचारतज्ज्ञाला गाठा. केंद्र सरकारची 'टेलिमानस' ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही बोलते.