कोअर मोजण्याआधी

"भाऊ, आठ कोअर हायेत, तरी गेम अटकते कायला?" असं विचारत अहेरीतल्या माझ्या दुकानात पोरं येतात. कॅबिनेट उघडलं की बरेचदा आत सर्व्हरमधून काढलेला झिऑन ई५-२६५० व्ही२ निघतो. प्रोसेसर २०१३चा आणि त्याखाली स्वस्तातला चिनी मदरबोर्ड. ८ कोअर, १६ थ्रेड. जाहिरातीतला आकडा खराच असतो. पण पोरांनी साठवलेले पैसे त्या आकड्यावर जातात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील, तर एक फ्रेम साधारण १६.७ मिलिसेकंदांत तयार झाली पाहिजे. बटण दाबलं, गाडी वळली, भिंतीला धडकली, मग चित्र काढायचा हुकूम ग्राफिक कार्डला गेला. यातलं बरंचसं काम एकामागून एक, एकाच मुख्य थ्रेडवर चालतं. तो कोअर मंद असला की बाकीचे नुसते वाट पाहतात. म्हणूनच २०२२चा चारच कोअरचा आय३-१२१००एफ गेममध्ये त्या झिऑनला सहज मागे टाकतो.

तरी नवीन पीसीला मी सहा कोअरच सुचवतो. २०२०च्या प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्समध्ये आठ कोअर आहेत, त्यामुळे नवे गेमही काम जास्त थ्रेडवर वाटतात. आणि सहा कोअर आता आवाक्यात आहेत. जानेवारी २०१७मध्ये इंटेलच्या आय७-७७००केचे चार कोअर ३३९ डॉलरला होते. त्याच वर्षी एप्रिलमध्ये एएमडीने सहा कोअरचा रायझन ५ १६०० हा प्रोसेसर २१९ डॉलरला आणला, आणि वर्ष संपायच्या आत इंटेललाही आय५मध्ये सहा कोअर द्यावे लागले. २०२२चा रायझन ५ ५६०० तर १९९ डॉलरला आला. त्याचा स्वस्त भाऊ ५५०० घेताना मात्र थांबा. कोअर तेवढेच, पण एल३ कॅश ३२ऐवजी १६ एमबी, आणि गेमला ही कॅश फार लागते.

नावापुढचं 'एफ' अक्षरही बघा. तशा प्रोसेसरमध्ये अंगचं ग्राफिक्स नसतं. कार्ड बिघडलं की नागपूरहून दुसरं येईपर्यंत स्क्रीन काळी, आणि त्याच पीसीवर कुणाचा परीक्षेचा फॉर्म भरायचा असतो. अशा घराला मी ५६००जी देतो. गेममध्ये थोडा कमी, पण कार्डाशिवाय चालतो. उरलेले पैसे चांगल्या एसएमपीएसवर घाला.

ज्यांच्याकडे एएमडीच्या एएम४ सॉकेटचा २०१७-१८चा बोर्ड आहे, त्यांनी तर नवा संच घ्यायची घाईच करू नये. बोर्डाच्या कंपनीच्या साइटवर प्रोसेसरची यादी असते. तिच्यात ५६०० असला, तर बोर्ड, रॅम सगळं तेच ठेवून नुसता प्रोसेसर बदलता येतो. जुना प्रोसेसर काढायच्या आधी बायोस अपडेट करून घ्यायचं, आणि तेही यूपीएस लावूनच. मधेच लाइन गेली तर बोर्ड बाद व्हायची भीती असते, म्हणून वादळी पावसाच्या दिवशी मी ते काम हातात घेत नाही.