लेकीकडे जायचंय, विमानाचं कार्ड घेऊ का?

आपल्या पैशाच्या गप्पांमध्ये आज जरा सातासमुद्रापलीकडचा विषय घेतला आहे. हा विषय आम्ही शोधला नाही, तो आमच्याकडे चालत आला.

आपल्या एक श्रोत्या ताई खानावळ चालवतात. त्यांची लेक अमेरिकेत, न्यू जर्सीला असते. तिचं पहिलं बाळंतपण चार महिन्यांवर आलं आहे आणि ताईंचं जायचं ठरलं आहे. मध्यंतरी त्या भाच्याला सोडायला विमानतळावर गेल्या होत्या. तिथे टेबल मांडून उभा असलेला एक मुलगा म्हणाला, "काकू, विमान कंपनीचं हे क्रेडिट कार्ड घ्या. नेहमीचाच खर्च यावर करा, तिकीट फुकटात पडेल." ताईंनी फॉर्म घरी आणला आणि आम्हाला फोन केला. "घेऊ का हो?" एवढंच विचारलं.

आम्ही म्हटलं, फॉर्म आणि खर्चाची वही घेऊन केंद्रावर या. आम्ही दीड तास बसलो. त्या बैठकीत जे निघालं, ते आज तुमच्यापुढे ठेवतो आहोत. लेक, मुलगा, नातवंडं परदेशात असलेल्या आया आपल्या भागातही आता कमी नाहीत. हाच प्रश्न उद्या तुम्हालाही पडेल.

आधी हे कार्ड म्हणजे काय ते पाहू. नेहमीचंच क्रेडिट कार्ड, पण बँक आणि विमान कंपनी मिळून काढतात. त्यावर खर्च केला की पॉइंट मिळतात. कोणी त्यांना माइल्स म्हणतं. पॉइंट साठले की त्या बदल्यात तिकीट घेता येतं. नेहमी प्रवास करणाऱ्याला अशी बक्षिसी द्यायची मोठी योजना अमेरिकन एअरलाइन्सने १९८१ साली सुरू केली. पुढे बँका त्यात आल्या. आता बँक विमान कंपनीकडून पॉइंट चक्क विकत घेते आणि आपल्याला वाटते. बँकेकडे हा पैसा येतो कुठून? थोडा दुकानदाराकडून, थोडा आपल्या वार्षिक शुल्कातून आणि बराचसा, वेळेवर पूर्ण बिल न भरणाऱ्यांच्या व्याजातून. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता वही उघडू. ताईंचा खानावळीचा खर्च मोठा, पण भाजी मार्केटातून रोखीने येते. घरभाडं, वीजबिल, विमा, पेट्रोल यांवर बऱ्याच कार्डांवर पॉइंट मिळत नाहीत किंवा अगदी थोडे मिळतात. रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येतं, पण त्यातून दुकानदाराच्या कोडवरच पैसे देता येतात, भाजीवाल्या मावशींच्या स्वतःच्या खात्यावर नाही. सगळं वजा केल्यावर कार्डावर खरंच जाऊ शकेल असा खर्च निघाला महिन्याला २०,००० रुपये. म्हणजे वर्षाला २,४०,०००.

दर प्रत्येक कार्डाचा वेगळा असतो, म्हणून आपण समजुतीसाठी आकडे धरू. समजा, १०० रुपयांच्या खर्चावर २ पॉइंट मिळतात आणि तिकीट काढताना एका पॉइंटचे ५० पैसे होतात. वर्षाचे झाले ४,८०० पॉइंट, म्हणजे २,४०० रुपये. कार्डाचं वार्षिक शुल्क समजा १,५०० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १,७७०. वर्षभराची खरी कमाई उरली ६३० रुपये.

ताईंनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा आकडा पाहिला.

तिकीट समजा एक लाखाचं आहे. शुल्क बाजूला ठेवलं तरी वर्षाला २,४०० रुपयांच्या पॉइंटांनी लाखाचं तिकीट निघायला जवळजवळ ४२ वर्षं लागतील. तेवढ्यात नातवंडाचं लग्न होऊन जाईल. शिवाय बऱ्याच योजनांमध्ये पॉइंटांना मुदत असते, वापरले नाहीत तर ते संपतात. आणि पॉइंटांवर घेतलेलं तिकीटही पूर्ण फुकट नसतं. विमानतळाचे कर आणि इतर आकार बहुतेक वेळा रोखच भरावे लागतात. परदेशी प्रवासात ती रक्कम लहान नसते.

"पण सुरुवातीलाच एकदम ५,००० पॉइंट देतात म्हणे," ताई म्हणाल्या. खरं आहे, स्वागताचे पॉइंट बरीच कार्डं देतात. पण फॉर्मच्या मागची बारीक अक्षरं वाचली तर तिथे अट असते. आधी वार्षिक शुल्क भरायचं, ठरलेल्या दिवसांत ठरलेला खर्च करायचा, मग पुढच्या बिलानंतर पॉइंट जमा होतात. कार्ड मंजूर होऊन हातात यायला वेळ, पहिलं बिल यायला महिना, पॉइंट जमा व्हायला आणखी काही आठवडे. ताईंना तिकीट महिन्याभरात काढायचं आहे. बाळंतपणाची तारीख पॉइंटांची वाट पाहत नाही. पॉइंटांवर मिळणाऱ्या जागाही मोजक्या असतात, हव्या त्या दिवशी मिळतीलच असं नाही. म्हणून पहिला नियम असा धरा, की जवळच्या प्रवासाचं तिकीट नव्या कार्डाच्या भरवशावर ठेवायचं नाही.

आता ती व्याजाची गोष्ट. क्रेडिट कार्डावरचं व्याज महिन्याला साधारण ३ ते पावणेचार टक्के असतं. आपल्या बचत गटातलं कर्ज महिन्याला दोन टक्क्यांनी मिळालं तरी आपण किती चर्चा करतो! समजा एका महिन्यात खानावळीचे पैसे अडकले आणि २०,००० चं बिल महिनाभर थकलं. साडेतीन टक्क्यांनी व्याज ७०० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी १२६. झाले ८२६. वर्षभराची कमाई होती ६३०. म्हणजे एका महिन्याच्या चुकीत वर्षाची बक्षिसी गेली आणि वर घरचे पैसे घातले. यात उशिराचा दंड अजून धरलेलाच नाही.

बिलावर 'किमान देय रक्कम' असा एक छोटा आकडा असतो. २०,००० चं बिल आणि किमान रक्कम हजारभर. तेवढी भरली की दंड लागत नाही, म्हणून पुष्कळ जणींना वाटतं, झालं आपलं काम. तसं नाही. उरलेल्या रकमेवर व्याज चालू राहतं आणि पुढच्या महिन्याच्या नव्या खरेदीलाही बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. पूर्वी राष्ट्रीय ग्राहक आयोगाने या व्याजावर वर्षाला ३० टक्क्यांची मर्यादा सांगितली होती. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. म्हणून सांभाळायचं आपणच. बिल दर महिन्याला पूर्ण भरता येणार असेल, तरच पॉइंटांचा विचार करायचा.

परदेशात हे कार्ड वापरलं तर? बहुतेक कार्डांवर परकीय चलनाच्या खर्चावर साधारण साडेतीन टक्के जादा आकार लागतो, वर त्याचा जीएसटी. ५०,००० रुपयांची खरेदी झाली तर १,७५० आणि ३१५, मिळून २,०६५ रुपये. तेवढ्या खर्चाचे पॉइंट आपल्या दराने होतील १,०००, म्हणजे ५०० रुपये. काही कार्डांवर हा आकार कमी असतो किंवा नसतोच. परदेशी जाणाऱ्या बाईला तो पॉइंटांपेक्षा जास्त उपयोगाचा. आणि तिथल्या दुकानात मशीनवर विचारलं, की पैसे रुपयांत द्यायचे की डॉलरमध्ये, तर डॉलर निवडा. रुपये निवडले की दर तिथला ठरतो आणि तो सहसा महाग पडतो. क्रेडिट कार्डाने एटीएममधून रोख रक्कम मात्र काढू नका. तिथे पहिल्या दिवसापासून व्याज लागतं, शिवाय शुल्क वेगळं.

कार्डासोबत विमा मिळतो असंही सांगतात. तो बहुधा विमान अपघाताचा असतो, त्यालाही अटी असतात. अमेरिकेत ताप आला, पाय मुरगळला, तर तो कामाला येईलच असं नाही. प्रवासातल्या आजारपणाचा विमा वेगळा घ्या. तिथली औषधपाण्याची बिलं सोसणारी नसतात.

मग विमान कंपन्यांची ही कार्डं कोणाच्या कामाची? ज्यांचा कार्डावर जाऊ शकणारा खर्च मोठा आहे, ज्या बिल दर महिन्याला पूर्ण भरतात आणि ज्यांच्या गावाजवळच्या विमानतळावरून त्याच कंपनीच्या विमानाने वर्षातून तीनचार वेळा तरी जाणं होतं, त्यांच्या. आपल्या जवळच्या विमानतळावर ती कंपनी उतरतच नसेल, तर तिचे पॉइंट घेऊन काय करणार?

आणखी एक. पॉइंट म्हणजे बँकेतली ठेव नव्हे. एका तिकिटाला किती पॉइंट लागतील, हे कंपनी बदलू शकते. कंपनीच बंद पडू शकते. किंगफिशरची विमानं २०१२ साली थांबली. जेट एअरवेजचं शेवटचं उड्डाण १७ एप्रिल २०१९ ला झालं. विस्तारा १२ नोव्हेंबर २०२४ ला एअर इंडियात विलीन झाली. तिथे पॉइंट एअर इंडियाकडे गेले खरे, पण विस्ताराच्या नावाची कार्डं घेतलेल्यांना नव्याने विचार करावा लागला. म्हणून ज्या कार्डाचे पॉइंट एकापेक्षा जास्त विमान कंपन्यांकडे वळवता येतात, किंवा जे सरळ रोख सवलत देतं, ते आपल्यासारख्या क्वचित प्रवास करणाऱ्यांना बरं पडतं.

ताईंचा चेहरा जरा उतरला. म्हणाल्या, "म्हणजे काहीच मिळणार नाही का?" मिळेल ना, आणि तेही कार्डाशिवाय. विमान कंपन्यांच्या योजनेचं सदस्यत्व कोणालाही विनामूल्य घेता येतं. नाव पासपोर्टवर आहे तसंच लिहायचं. तिकीट काढताना सदस्य क्रमांक द्यायचा, म्हणजे प्रत्यक्ष प्रवासाचे पॉइंट खात्यात येतात. न्यू जर्सीला जाऊन येऊन अंतर मोठं असतं, त्यामुळे वर्षभर किराणा आणून जे साठणार नाही ते एका फेरीत साठू शकतं. तिकीट अगदी स्वस्त प्रकारातलं असेल तर पॉइंट कमी मिळतात, हेही माहीत असू द्या. एअर इंडिया २०१४ पासून स्टार अलायन्स या कंपन्यांच्या गटात आहे. त्यामुळे लुफ्थान्सा, युनायटेड अशा गटातल्या कंपन्यांनी गेलात तरी बऱ्याचशा तिकिटांवरचे पॉइंट एअर इंडियाच्या खात्यात घेता येतात. बोर्डिंग पास परत आल्यावरही जपून ठेवा. पॉइंट जमा झाले नाहीत तर मागायला तोच पुरावा.

तरीही कोणाला कार्ड हवंच असेल तर हक्क माहीत असू द्या. रिझर्व्ह बँकेचे नियम आहेत. अर्जासोबत व्याज आणि शुल्क सांगणारं एक पानी पत्रक बँकेने द्यायलाच हवं. ते मागा आणि घरी बसून वाचा. न मागता कार्ड पाठवायची बँकेला परवानगी नाही. कार्ड बंद करायचा अर्ज दिला आणि थकबाकी नसेल, तर सात कामाच्या दिवसांत ते बंद व्हायला हवं. नाही केलं तर बँकेने दिवसाला ५०० रुपये आपल्याला द्यायचे. तक्रारीला बँकेने ३० दिवसांत समाधानकारक उत्तर दिलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. त्याची माहिती १४४४८ या क्रमांकावर मिळते.

आपल्यापैकी पुष्कळ जणींकडे पगाराची चिठ्ठी नसते. त्यांना मुदत ठेवीवर कार्ड मिळू शकतं. नवऱ्याच्या कार्डावर जोडकार्ड घेतलं तर बिलाची जबाबदारी मूळ कार्डधारकाची, म्हणजे त्याचीच राहते. स्वतःच्या नावावर कार्ड घेऊन बिलं वेळेवर भरली तर स्वतःची पत तयार होते. ३०० ते ९०० मध्ये मोजला जाणारा तो सिबिलचा आकडा उद्या खानावळीसाठी कर्ज मागताना उपयोगी पडतो. आमच्या मते आपल्यासारख्यांना कार्डाचा हा फायदा पॉइंटांपेक्षा मोठा आहे.

ताईंनी काय ठरवलं? विमानतळावरचा फॉर्म वहीत घडी घालून ठेवला. तिकिटाचे पैसे त्यांनी दोन वर्षं भिशीत साठवले होते, त्यातूनच तिकीट काढायचं. सदस्यत्वाचा अर्ज आमच्यासमोरच मोबाइलवर भरला. तिथे एक गंमत झाली. पासपोर्टवर त्यांचं माहेरचं नाव निघालं आणि त्या सवयीने सासरचं भरत होत्या. वेळीच लक्षात आलं, नाहीतर पॉइंट जमा होताना अडचण आली असती. ठेवीवरचं साधं कार्ड परत आल्यावर घ्यायचं, तेही महिन्याचं बिल खात्यातून आपोआप पूर्ण भरलं जाईल अशी सोय करून.

जाताना म्हणाल्या, "६३० रुपयांत डिंकाच्या लाडवांचं सामान तरी येतं." लाडू अमेरिकेत नेता येतात का, ते विचारायला त्या पुन्हा येणार आहेत. तुमच्याही वहीत असा एखादा फॉर्म पडून असेल, तर तो घेऊन केंद्रावर या. हिशेब मिळून करू.