दारू आणि आयुर्मान

• आयुर्मान : आजचे मृत्युदर कायम राहिल्यास आज जन्मलेले बाळ सरासरी किती वर्षे जगेल, तो आकडा. पंचाहत्तरीतल्या मृत्यूपेक्षा पस्तिशीतला मृत्यू हा आकडा अधिक खाली ओढतो.

• जग : २०१९ मध्ये दारूमुळे सुमारे २६ लाख मृत्यू (जागतिक आरोग्य संघटना).

• रशिया : १९८५ मध्ये सोव्हिएत दारूविरोधी मोहीम. पुरुषांचे आयुर्मान सुमारे ६२ वरून १९८७ पर्यंत ६५ च्या जवळ. पुढे मोहीम सैलावली, संघराज्य फुटले, दारू स्वस्त झाली. १९९४ मध्ये आकडा ५८ च्याही खाली.

• आडवी बाटली : महाराष्ट्रातल्या गावात परवान्याचे दारूदुकान बंद करण्यासाठी २५ टक्के महिला मतदारांची मागणी, मग गुप्त मतदान. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला, म्हणजे दुकान बंद करण्याच्या चिन्हाला, हवीत. हातभट्टी मुळातच बेकायदा. ती बंद करायला मतदान लागत नाही.