टाकीतला प्रतिध्वनी

पहाटे नळाला आलेले पाणी तळमजल्याच्या हौदात साठवावे आणि तेथून पंपाने गच्चीवरच्या टाकीत चढवावे, हा ज्यांचा नित्यक्रम आहे, त्यांपैकी पंप बंद करण्याचे विस्मरण होऊन पाणी वाहून गेल्याचा अनुभव नाही असे घर विरळाच. उन्हाळ्यात दिवसाआड पाणी मिळत असता ते पन्हळीतून वाहताना पाहणे मला असह्य झाले, आणि टाकीतील पातळी मोजून पंप आपोआप चालू-बंद करणारे यंत्र मी घरीच जुळवावयास घेतले.

त्याचा सारा कारभार पाहते ती आर्डुइनो नावाची, तळहातावर मावणारी पाटी. २००५ साली इटलीतील इव्हरेआ येथे विद्यार्थ्यांना परवडावी म्हणून ती सिद्ध झाली. माझ्या पाटीवरील मायक्रोकंट्रोलरची तात्पुरती स्मृती अवघी २ किलोबाइट. एका टाकीस तेवढी पुष्कळ होते.

टाकीच्या झाकणाला आतून बसविलेला सेन्सर सेकंदाला ४०,००० कंपनांचा, कानास न ऐकू येणारा श्राव्यातीत ध्वनी खाली सोडतो, आणि तो पाण्यावर आपटून परत येईपर्यंतचा काळ पाटी मोजते. पाणी एक मीटर खाली असेल तर या जाण्यायेण्यास सुमारे ५.८ मिलिसेकंद लागतात. म्हणजे सेन्सर पातळी सांगतच नाही, तो केवळ काळ सांगतो. पातळी हे आपले अनुमान, आणि अनुमानाची रुजवात घालणे हेच या उद्योगातील खरे काम होय.

ध्वनीचा वेग २० अंश सेल्सियसला सेकंदाला ३४३ मीटर असतो, ४० अंशांना तो ३५५ च्या घरात जातो. वैशाखातील दुपारी काळ्या टाकीतील हवा तापली असता पाटीने थंड हवेचा वेग धरून हिशेब केला, तर मीटरमागे सुमारे साडेतीन सेंटिमीटरांची चूक पडते आणि टाकी आहे त्याहून अधिक भरलेली भासते. यास्तव तापमान मोजणारा लहानसा सेन्सर शेजारी बसविणे प्राप्त झाले. दुसरी अडचण बाष्पाची. झाकणाखाली जमलेला थेंब सेन्सरच्या जाळीवर ओघळला की मोजमाप भलतेच येते. तेव्हा एकाच जबानीवर हुकूम न देता पाच मोजमापे घ्यावीत, ती चढत्या क्रमाने लावावीत आणि मधले तेवढे ग्राह्य मानावे, अशी तजवीज मी केली.

इतके करूनही पहिल्या रात्री पंपाने झोप मोडली. पंप चालू व बंद करण्याची मर्यादा मी एकच ठेवली होती. पडत्या धारेने पाण्यावर उठणाऱ्या लाटा ती रेषा क्षणात वर, क्षणात खाली ओलांडीत, आणि दर खेपेस पाटीच्या हुकमाने पंपाची वीज जोडणारा-तोडणारा रिले टकटक वाजे. अशा चालू-बंद होण्याने मोटर जळावयास वेळ लागत नाही, कारण सुरू होताना ती नेहमीच्या कित्येक पट वीज ओढते. याच कारणास्तव नाजूक रिलेवर मोटरचा भार न टाकता रिलेने काँटॅक्टर नावाचा दणकट स्विच ओढावा आणि २३० व्होल्टची जोडणी जाणत्या वायरमनकडूनच करून घ्यावी. सकाळी मी दोन मर्यादा घातल्या: पाणी ४० टक्क्यांखाली गेले की पंप सुरू, ९० टक्क्यांवर बंद, आणि मधल्या पट्ट्यात पूर्वीचाच हुकूम कायम. शिवाय दहा मिनिटांत पातळी हलली नाही, तर हौद रिकामा समजून पंप थांबवावा, असेही कलम जोडले; कोरड्या पंपाचे सील तापून निकामी होते.

त्या रात्री काँटॅक्टरचा खटका दोनदाच ऐकू आला, आणि पहाटे गच्चीवर जाऊन पाहिले तो पन्हळ कोरडी होती.